मशीनची कोरडी पूजा

अंबाडी नाक्यावर टेम्पोत बोचकं टाकलं तेव्हा थोरला भाऊ बोलला, "मातीतला मानूस तू. चार दिवसांत परत येशील. तिथं तुझं कोन हाय?" मी टेम्पोत चढलो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी मिळत होती, पण तो खडखडाट कानाला सोसेना. मग मानकोलीकडे औषधं तपासायच्या लॅबमध्ये लागलो. काचेची भांडी धुवायची, लादी पुसायची. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण मी धुतलेली काच कोणाला परत धुवावी लागली नाही.

गावी नांगर-कोयता पुजल्याशिवाय आम्ही दसऱ्याला जेवत नाही. इथं पोट चालतं ते औषध तपासायच्या मशीनवर, मग मशीन पुजणारच. पहिल्या दसऱ्याला तांब्या, झेंडू, हळद-कुंकू घेऊन गेलो. फुलाने पाणी शिंपडणार, तेवढ्यात मशीनवरच्या मॅडमनी माझं मनगट धरलं. सगळ्यांसमोर. मशीन चालू होतं, त्याच्या द्रावणाची बाटली उघडी होती.

मी म्हटलं, "पूजा नाही तर मीही नाही. उद्या गावी जातो."

गेलो असतो तर भावाचंच खरं झालं असतं. पण अपमान गिळून राहणं माझ्याच्याने होत नाही.

मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. चिडल्या नाहीत. "काका, हात जोडा," म्हणाल्या. जोडले. "आता दोन्ही पालथे करून डावा उजव्यावर ठेवा." अंगठे दोन बाजूंना गेले. औषधाचे कणही असेच दोन तऱ्हेचे, म्हणाल्या, आरशातल्यासारखे. एक तऱ्हा दुखणं बरं करते, दुसरी नको असते. मशीनच्या नळीतली भुकटी एकीला जास्त वेळ धरून ठेवते, म्हणून दोघी पाठोपाठ बाहेर येतात. बाटलीतून पाणी आत गेलं की भुकटी बिघडते, दोघी एकदमच येतात, मग नको ती किती मिसळलीय ते कळायचं नाही, आणि गोळी जाते आजाऱ्याच्या पोटात.

"पूजा करा की. पण कोरडी, आणि हे संपल्यावर."

बिनपाण्याची पूजा आमच्यात कोणी केली नव्हती. तरी स्टुलावर बसून राहिलो. स्क्रीनवर एक टेकाड चढलं, उतरलं, थोडी सपाट जमीन, मग दुसरं बारकं टेकाड; दोघी वेगवेगळ्या आल्या. मॅडमनी मशीन बंद केलं. मी पत्र्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढली, फूल ठेवलं. नारळ गेटबाहेर फोडला, मॅडमनी खोबरं मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. पुढे जवळच्या कोन गावात खोली घेतली, बायकोला आणलं. घर कुठं म्हणून कोणी विचारलं तर अजून गावाचंच नाव सांगतो. दिवाळीला जातोही. दसऱ्याला मात्र नाही जात. गावच्या नांगराला पुजायला माणसं आहेत, या मशीनला माझ्याशिवाय कोण पुजणार?