लिकोमाचे पाहुणे

आमच्या फिरत्या नाटक कंपनीत सरोवर योतामुच्या हाती असायचं. शाळेच्या पटांगणात किंवा चर्चच्या आवारात आमचा रंगमंच उभा राहायचा. नावेचा प्रसंग आला की तो एका कडेला आडवा पडून निळ्या कापडाचं टोक हलवायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं भिजू नयेत म्हणून पाय वर घ्यायची. राजा मी, टाळ्या मला. पण ते पाणी योतामुचं. कंपनी मोडल्यावर तो राजधानीत, लिलोंग्वेत, सुतारकाम करू लागला. आज सत्तरीतही लोक त्याच्याकडून पलंग करून घेतात, कारण तो पलंग कुरकुरत नाही.

या योतामुनं यंदा जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, घरात माशांची काचेची पेटी बसवली. त्याला शौक वगैरे काही नव्हता. कारण होतं एस्नाट, त्याची बायको.

एस्नाट लिकोमा बेटावरची. जन्मापासून दारात सरोवर. दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून तिला आठवड्यातून दोनदा इथल्या इस्पितळात यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावं लागतं. बेटावर असलं यंत्र नाही. आणि मे महिन्यात तिनं जाहीर केलं, "पुरे झालं. आता जहाज धरून मी घरी जाणार. इथं खिडकीतून भिंत दिसते, भिंतीपलीकडे दुसरी भिंत. मरायचंच आहे तर पाणी बघत मरते."

योतामुनं समजावलं, रागावला, रडलाही. शेवटी, नेहमीसारखी लेकराच्या नावानं हाक मारत, ती थट्टेत म्हणाली, "तादालाचे बाबा, एवढं असेल तर सरोवर इथं आणा. माझ्या गावचे मासे तुमच्या या शहरात जगले, तर मीही राहीन."

थट्टाच होती ती. पण योतामुनं ती शपथेसारखी धरली.

एका बंद पडलेल्या दुकानाची जाड काच त्यानं आणली, कापली, सांधे भरले. पाणी भरून रात्रभर खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली आणि सकाळी कागद कोरडे निघाले तेव्हा मला मिठी मारली. सरोवरकाठच्या सलीमा गावात परदेशात मासे पाठवणारा एकजण आहे, त्याला फोन करकरून त्यानं सगळं विचारून घेतलं. नळाचं पाणी आधी पिंपात ठेवायचं, त्यातलं औषध उडून जाऊ द्यायचं. वाळू धुवायची, दगडांच्या कपारी करायच्या, हीटर लावायचा, हवेचा पंप लावायचा. पाणी मुरू द्यायचं. मग बोटभर लांबीचे मासे आले, निळे, पिवळे, पट्ट्यांचे, खास लिकोमाच्या खडकांतले.

एस्नाटची खुर्ची पेटीसमोर ओढली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे? हे तर आम्ही लहानपणी गळाला लागले की परत फेकायचो. भाजायच्याही लायकीचे नाहीत." पण त्या दिवशी खिडकीतली भिंत तिला आठवली नाही.

शेजारची डोरोफी दारातूनच ओरडली, "भावोजी, कालवण कधी मग? टोमॅटो घेऊन येऊ?"

"ये, आणि तुझे डोळेही घेऊन ये. हे मासे बघायचे असतात, खायचे नसतात," योतामु म्हणाला.

"अगं बाई! बघून पोट भरायला लागलं तर माझा नवरा कधीचा लठ्ठ झाला असता!"

योतामुला मात्र हसू येत नव्हतं. त्याचा जीव त्या पेटीत अडकला होता. एखादा मासा कपारीतून लवकर बाहेर आला नाही की हा हातातला घास ताटात ठेवून उठे. वीज तर आमच्याकडे जाणारच. ती गेली की तो लोटा घेऊन पेटीतलंच पाणी उंचावरून परत पेटीत ओतत बसे, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हात भरून आला की मला हाक मारी, "महाराज, जरा धरता का?" मी राजाच्या थाटात लोटा घ्यायचो. एस्नाट हसायची. एकच गोष्ट त्याला सुखाची होती: हल्ली तिचं ताट रिकामं परत येत होतं. एवढे दिवस ती दोन घासांवर उठायची.

"खाते आता," तो मला हळूच सांगायचा. "मासे मानवले तिला."

पण गावी न्यायचं तिचं गाठोडं दाराशी बांधलेलं तसंच होतं. शुक्रवारी लिकोमाचं जहाज होतं.

बुधवारी सकाळी योतामु धावत माझ्याकडे आला. पायात एकच चप्पल. "महाराज, चला! पाणी पांढरं झालंय!"

पाहतो तर पेटीत भाताची पेज ओतल्यासारखं पाणी. सगळे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. एक पिवळा आडवा होऊन तरंगत होता. आणि वीजही नेमकी तेव्हाच गेलेली.

सलीमाचा माणूस फोनवर म्हणाला, "पाणी बदला, निम्मं. पण गार ओतू नका, उरलेलेही मरतील." मग शेगडी पेटवली, पिंपातलं पाणी कोमट केलं. मी काढत होतो, योतामु ओतत होता. घाईत अर्धं पाणी जमिनीवर जात होतं. आवाज ऐकून डोरोफी आली तसा तो तिच्यावर उसळला, "तूच काहीतरी टाकलंस!"

"मी? मी टाकलं असतं तर मीठ-मसाल्यासकट टाकलं असतं भावोजी! माझ्यावर काय ओरडता?"

त्यानं वाळूत हात घातला. दगडामागून मऊ, पांढरे गोळे निघाले. एक जरा घट्ट राहिला होता, त्याला अंगठ्याचा खळगा होता. आमच्याकडे न्सिमाचा घास असाच करतात, मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा मळून, कालवण टिपायला अंगठ्यानं खळगा पाडून.

योतामुनं तो घास तळहातावर धरून एस्नाटकडे पाहिलं.

"काय बघता?" ती म्हणाली. "माझ्या गावचे पाहुणे माझ्या घरी आले. तुम्ही त्यांना देता काय? चिमूटभर भुसा! न्सिमा मिळाली नाही म्हणजे जेवायलाच घातलं नाही. शुक्रवारी गावाला जाऊन कुठल्या तोंडानं सांगू?"

"अगं, पण हा तुझा घास होता."

"मला जात नव्हता."

"मग ती रिकामी ताटं..."

योतामु ओल्या जमिनीवरच बसला. मेलेला पिवळा मासा त्याच्या दुसऱ्या हातात होता. "झालं," तो म्हणाला. "जगले नाहीत. तू म्हणाली होतीस. आता जा."

मी रंगमंचावर किती वेळा राज्य हरलो असेन, पण हरलेला माणूस कसा बसतो ते मला त्या दिवशी कळलं.

एस्नाट खुर्चीचे हात धरून उठली. महिनाभरात ती स्वतःहून उठलेली मी पाहिली नव्हती. पेटीपाशी येऊन तिनं काचेला हात लावला. "हा तुमच्या शहरानं नाही मारला, तादालाचे बाबा. हा मी मारला. याचा हिशेब त्या बोलण्यात धरू नका." मग चिडून म्हणाली, "अहो, काच किती गार पडलीय! वीज कधी येणार? गारठून जातील ना हे. बसलात काय? दाराशी ते गाठोडं आहे, आणा इकडे."

तो आणायला उठेना. शेवटी डोरोफीनं ते आणलं. एस्नाटनं गाठ सोडली, तळाशी हात घालून आपलं सगळ्यात जाड, चर्चला जाताना नेसायचं निळं कापड, चितेंजे, काढलं आणि पेटीच्या तीन बाजूंनी गुंडाळलं. चौथी बाजू बघायला मोकळी ठेवली.

दुपारी वीज आली. पंप गुरगुरला. बाकीचे मासे खाली उतरले. एक निळा तेवढा दगडामागे भराभर श्वास घेत राहिला. तो जगेल की नाही, सलीमावाल्यालाही सांगता येईना.

डोरोफीनं एस्नाटपुढे ताट ठेवलं. योतामु समोर येऊन बसला. त्या दिवशी त्याची पाठ पेटीकडे होती.

"असं काय टक लावून बघता? मी काय मासा आहे?"

"खा."

तिनं गोळा मळला, खळगा पाडला, निळ्या माशाकडे एकदा पाहिलं आणि घास तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला. तो गिळला जाईपर्यंत योतामुनं श्वास सोडला नाही.

"शुक्रवारचं काय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"या निळ्याला अशा अवस्थेत यांच्या हातात टाकून जाऊ?" ती म्हणाली, आणि दुसरा घास मळू लागली.