पांढऱ्या शेवंतीचं मखर

"खुर्ची द्या गं तिला कुणीतरी, खुर्ची द्या," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आल्या, तोवर आमच्या वरच्या मजल्यावरची कोरियन शेजारीण सरळ फरशीवर बसली होती. मांडीवर तिचं बाळ आणि समोर भिंतीला टेकवून उभं केलेलं माझं मखर. तळापासून टोकापर्यंत पांढरी शेवंती. कागदाची, पण पाकळीन् पाकळी माझ्या हातची. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"दीदी," ती हळूच म्हणाली, "ये फूल हमारे यहाँ... किसी के मरने पर लगाते हैं।"

सासूबाईंना हिंदी उत्तम कळते. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मयताला लावतात म्हणते ही फुलं."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "पंधरवडाभर तू मरायला टेकलेली दिसत होतीस."

मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे या लोकांकडे लग्नाच्या तोडीचा सोहळा. बाळाला रेशमी कपडे घालून टेबलापाशी बसवायचं, पुढे दोरा, पेन्सिल, तांदूळ असं काय काय मांडायचं आणि ते कशाला हात घालतं त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ठरवून टाकायचं. तिच्या सासूचं म्हणणं, हे कोरियातच व्हायला हवं. नवऱ्याला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून हिनं कळवून टाकलं की मी पुण्यातच करीन आणि यथासांग करीन. मग काय, सासू स्वतःच पाहणीला निघाली. त्याच संध्याकाळी पोचणार होती, दुसऱ्या दिवशी वाढदिवस. काही कमी पडलं तर ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. हे मला तिनं अर्ध्या हिंदीत सांगितलं, पण खुणेनं सांगितलं असतं तरी कळलं असतं.

टेबलामागच्या सजावटीचं काम मी ओढवून घेतलं. आमच्या वारज्याच्या सोसायटीत गणपतीच्या मखराचं पहिलं बक्षीस दरवर्षी मलाच. स्पर्धेत दुसरं कुणी नसतं, हा भाग वेगळा. ती म्हणाली, फुलं तुझ्या पसंतीची. आता आपल्याकडे शुभकार्याला शेवंतीपेक्षा सोज्वळ काय असतं? वर मीच तिला बजावलं, पूर्ण होईपर्यंत बघायचं नाही.

नोकरी हिंजवडीला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलेली तरुण मुलं तिथं उतरेपर्यंत पिकायची, असली ती वाहतूक. त्या बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवून मी पाकळ्या कापायचे. शेजारचा मुलगा एकदा म्हणाला, "मॅडम, राजीनामा रोज थोडा थोडा फाडताय का?" घरी येऊन कुकर लावायचा आणि पुन्हा डिंक. बोटं अशी चिकटायची की एका रात्री पोळीबरोबर ताटही उचललं गेलं. फुलं हजारावर झाली. सासूबाई दीडशे म्हणतात, पण त्यांना चष्मा आहे.

तर ते सगळं समोर उभं होतं आणि मला रागवायचंही त्राण नव्हतं. मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. "फेकून देऊ," म्हटलं. तीही नको म्हणाली नाही. बाळानं तेवढ्यात एक फूल ओढून तोंडात घातलं.

सासूबाईंनी ते त्याच्या तोंडातून काढलं. "पांढरं नको ना? मग चालतं काय, ते विचार तिला."

बाळाचा उद्याचा झगा मखराशी जुळतो का बघायला तिनं बरोबर आणलेला. तिनं त्याची बाही पुढे केली. तांबडे, पिवळे, निळे पट्टे. सासूबाई आत गेल्या आणि तीन वाट्यांत कालवून घेऊन आल्या. कुंकू, हळद आणि धुण्याची नीळ.

"कागद भिजवू नका. गळून पडेल."

कापसाच्या बोळ्यांनी आम्ही पाकळ्यांच्या कडा टिपायला लागलो. बाळ झोपलं. मला मध्येच अशी डुलकी लागली की मी माझा गुडघा पिवळा केला आणि कुणीतरी माझा हात उचलून पुन्हा फुलावर ठेवला. कुणी, ते कळलं नाही. एकूणएक पांढरं टोक झाकलं गेलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

मखर लिफ्टमध्ये मावेना. जिन्यानं वर चढवलं, टेबलामागे उभं केलं आणि तिची सासू दारात हजर.

बाईंनी चपला काढल्या, बॅग तिथंच सोडली आणि मखरासमोर उभ्या राहिल्या. एका पाकळीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. हळदीचा येणारच. सून नातवाला घट्ट धरून उभी. मग बाई एक लांबलचक वाक्य बोलल्या आणि हात धुवायला आत गेल्या.

मी दाराच्या चौकटीला टेकून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"टेबल थोडा लेफ्ट में लो, बोली।"