साहेब शेवटी जेवायचे

फोन अक्काचाच होता. "गेले गं हे," म्हणाली, आणि मग, "तू जेवून निघ." घरात मयत आणि बाई मला जेवून निघ म्हणते! मी निमूट पानावर बसले. ती असं का म्हणाली, ते मला चांगलं ठाऊक होतं.

अक्काचे यजमान, माझे दाजी, आधी तोफखान्यात ब्रिगेडियर, मग आमदार, मग मंत्री. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्यावर रकानेच्या रकाने छापून आले. सगळ्यांनी त्यांचं ते वाक्य दिलं, "नेता शेवटी जेवतो." खरंय. पलटणीत जवानांच्या आधी त्यांनी घास घेतला नाही म्हणतात. नव्वदच्या दशकात राजकारणात आले, तर सभेनंतर रिकामं ताट घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहायचे. फोटो यायचा. सत्ता म्हणजे आधी दुसऱ्याचं पोट, असं सांगायचे, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझे नाही भरले कधी. कारण देवळाली कॅम्पातल्या बंगल्यावर ते कितीही उशिरा येवोत, त्यांचं उरकेपर्यंत अक्काने पानावर बसायचं नाही. मग शेवटी कोण जेवायचं हो? तिचा फोटो कुणी काढला?

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण सायखेड्याला आमची आई अंथरुणाला खिळली. भावाचा निरोप आला, "आईचं काय खरं नाय, अक्काला धाडा." त्या दिवशी बंगल्यावर कार्यकर्त्यांचं जेवण होतं. अक्काने पदराला हात पुसत विचारलं, जाऊ का? हुकूम एकदाच द्यायचा आणि कारण सांगायचं नाही, हे दाजींचं दुसरं तत्त्व. "ठाणं सोडायचं नसतं," एवढंच म्हणाले. गाडी दारात होती, ड्रायव्हर रिकामा बसला होता... अक्का पोळ्या लाटत राहिली. ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो गेला म्हणून आता करणारही नाही.

पुढे अर्धांगवायूने दाजींना खाटेवर पाडलं. घास भरवावा लागे. अंग पुसणं, औषध, अक्काने कशात कसूर केली नाही. फक्त जेवायच्या वेळी आधी ड्रायव्हरला, मोलकरणीला वाढायची, मग त्यांच्यासमोर खुर्ची ओढून स्वतः जेवायची. गरम गरम, सावकाश. एकदा माझ्यासमोरच त्यांनी अडखळत विचारलं, "माझं?" अक्का भात कालवत म्हणाली, "नेता शेवटी जेवतो ना?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सांगायची लाजही वाटत नाही.

परवा दाजींचं पहिलं मासिक श्राद्ध झालं. गुरुजी म्हणाले, आधी गेलेल्या माणसाचं पान वाढा, मग घरचे बसतील. अक्काने पान मांडलं, पण रिकामंच ठेवलं. टेबलाच्या टोकाची दाजींची खुर्ची ओढली, तिच्यात बसली, मला शेजारी बसवलं आणि पहिला घास घेतला. गुरुजी चुळबुळ करायला लागले.

"थांबू दे त्यांना," अक्का त्या रिकाम्या पानाकडे बघत म्हणाली, आणि आणखी वरण मागून घेतलं.