माझ्या हातचे दोन ट्रे

ध्रुवीय समुद्र आणि हवामानबदल या विषयावरची दोन दिवसांची कार्यशाळा आमच्या विभागात व्हायची ठरली, तेव्हा बडोद्यात बसून आम्ही बर्फाच्या समुद्राबद्दल काय बोलणार, असं घरी सगळ्यांनी मला विचारून घेतलं. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या महासागरातून एका जहाजाने तळाचा गाळ काढून आणला होता, आणि त्या गाळाचे काही नमुने अभ्यासासाठी आमच्याकडे आले होते. त्या गाळात वाळूच्या कणाहून बारीक शंख असतात. समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचे ते शंख. त्यातल्या एका जातीत काही शंख डावीकडे वळलेले असतात, काही उजवीकडे. पाणी अतिथंड असेल तर जवळजवळ सगळे डावे. पाणी थोडं कोमट व्हायला लागलं की उजवे वाढतात. एकेका थरातले डावे-उजवे मोजत खाली गेलं की हजारो वर्षांत समुद्र कधी तापला, कधी निवला, ते कळतं.

हे मोजायचं काम आमचे प्रयोगशाळा सहायक करायचे. विभागात सगळे त्यांना काका म्हणत. बडोद्याच्या वाडी या जुन्या भागात राहणारे, पूर्वजांनी संस्थानच्या फौजेत नोकरी केलेली. स्वतः बारावीपर्यंत शिकलेले, पण सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलून काळ्या पट्टीवर ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी अर्ध्या तासात डोळे चोळायला लागायचे. ते दुपारच्या चहापर्यंत मान वर करायचे नाहीत.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी सुट्टी होती. काका गच्चीवर नातवंडांबरोबर पतंग उडवत असतील म्हणून मी त्यांना बोलावलं नाही, एकटीच प्रयोगशाळेत गेले. भट्टीत वाळत ठेवलेले ट्रे बाहेर काढायचे, चिठ्ठ्या लावायच्या आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. घरी उंधियूला पाहुणे यायचे होते. मी घाईत होते.

दोन दिवसांनी काका माझ्या टेबलाशी आले. दोन ट्रे त्यांच्या हातात होते.

"मॅडम, मी गाळ धुतला तेव्हा खालच्या थरातला पांढुरका होता आणि वरचा तपकिरी. आता वरच्या थराच्या नंबरच्या ट्रेमध्ये पांढुरका दिसतोय. चिठ्ठ्या उलट्या लागल्यात असं वाटतं."

मी म्हटलं, वाळल्यावर रंग बदलतो. ते म्हणाले, एवढा नाही बदलत. पुन्हा मूळ नमुन्यातून थोडा गाळ घेऊन बघू या, दहा दिवस लागतील. कार्यशाळेला बाराच दिवस उरले होते आणि मला आलेख काढायचा होता. मी त्यांना चिठ्ठीप्रमाणेच मोजायला सांगितलं. त्यांनी मोजलं. वरच्या थरात उजव्यांची संख्या अचानक चढली. आलेखात एक सुंदर उंचवटा आला, कोणी न पाहिलेला. खरं सांगायचं तर तो उंचवटा दिसल्यावर काकांचं म्हणणं मला आठवायचंच नव्हतं.

कार्यशाळेचा पहिला दिवस छान उजाडला. सभागृह भरलं होतं. बर्फाच्या कडांखाली कोमट पाणी कसं शिरतं, समुद्रावरचा बर्फ कसा मागे सरतो, यावर बाहेरगावाहून आलेले शास्त्रज्ञ बोलले. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी एका टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना शंख दाखवायचं काम काकांकडे होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायकोही आली होती. इतकी वर्षं नवरा कशात डोळे घालून बसतो ते एकदा बघायचं, असं तिने म्हणे ठरवलं होतं. अंजिरी साडी, केसात गजरा. मी लांबूनच हात हलवला.

माझं भाषण झालं. टाळ्या वाजल्या. मग पहिल्या रांगेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठले. ते स्वतः त्या जहाजावर होते आणि त्याच गाळाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या संस्थेकडे होता. अगदी सौम्यपणे ते इंग्रजीत म्हणाले की असा उंचवटा त्यांच्याकडेही आहे, पण तो खालच्या थरात, आणि तो जुना गरम काळ सगळ्यांना माहीतच आहे. वरच्या थरात त्यांच्याकडे काही नाही. तुमच्याकडे दोन नमुन्यांची अदलाबदल तर झाली नसेल?

मला त्या क्षणी सगळं कळलं. उत्तरायणाची ती दुपार डोळ्यांपुढे आली, माझी घाई, माझेच हात. आणि मी माइकवर इंग्रजीतच म्हणाले की चिठ्ठ्या आणि मोजणी आमचे सहायक करतात, त्यांच्याकडून गफलत झाली असणं शक्य आहे, मी तपासून बघते.

एक वाक्य. फार विचार करून बोलले असंही नाही. ते तोंडात तयारच होतं. लोक मान वळवून मागे बघायला लागले. अध्यक्ष हसून म्हणाले की मदतनिसांवर लक्ष ठेवावंच लागतं, आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. काकांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजतं. ते सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून सरळ उभे होते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना टाळून बाजूच्या दाराने निघाले होते, पण त्यांच्या बायकोने मला गाठलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"बेन, एवढ्या मोठ्या सभेत तुम्ही यांची आठवण काढलीत. सगळे वळून बघत होते. मी विचारलं काय म्हणाल्या, तर म्हणाले, माझ्या कामाबद्दल बोलल्या. तीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं हो."

काका एका मुलीला सूक्ष्मदर्शकाचा फोकस जुळवून देत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्या शास्त्रज्ञांना मेल लिहिली, चूक माझी होती म्हणून. ते सोपं होतं. शास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. समारोपाच्या सत्रात उठून दोन मिनिटं मागावीत असं ठरवून गेले आणि शेवटपर्यंत वहीत खाली बघत बसले. आभारप्रदर्शन झालं, फोटो झाला, फोटोत मी पहिल्या रांगेत आहे.

रविवारी वाडीत काकांच्या घरी गेले. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चालत निघाले. काय बोलायचं ते रावपुऱ्यातल्या माझ्या घरून निघतानाच पाठ केलं होतं. पण दार बायकोने उघडलं आणि तिने शेजारच्या दोघींना हाक मारली, ह्याच त्या मॅडम म्हणून. बडोद्याचा ओलसर लीला चिवडा आला, चहा आला. बायको पुन्हा सभेची गोष्ट सांगायला लागली. मी "काका, त्या दिवशी मी जे बोलले," एवढं म्हणताच काका म्हणाले, "मॅडम, चहा गार होतोय." त्यांचा आवाज साधाच होता, पण पुढे बोलू नका हे त्यात स्पष्ट होतं. मग मी तो चहा प्यायले आणि त्या तिघींकडून स्वतःच्या मोठेपणाचं कौतुक ऐकत बसले. इतकी लाज मला सभागृहातही वाटली नव्हती.

ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. मी माफी मागितली.

"हिला खरं सांगितलं असतं तर तिला तुमचा राग आला असता," ते म्हणाले. "आणि मला रोज तुमच्याकडेच यायचंय."

"तुम्हाला नाही आला?"

"आला ना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही." मग ते म्हणाले, "एकच विचारतो. तुम्ही माइकवर बोललात तेव्हा, मी ट्रेबद्दल सांगितलेलं तुम्हाला आठवत होतं?"

नाही म्हणायची संधी होती. मी म्हणाले, "होतं."

त्यांनी मान डोलावली आणि ते परत फिरले.

सोमवारी आम्ही मूळ गाळातून पुन्हा नमुने घेतले. काकांनी नऊ दिवस मोजलं. अदलाबदल झालीच होती. वरच्या थरात सगळे डावे. मी कार्यशाळेला आलेल्या सगळ्यांना एक पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की चिठ्ठ्या मी लावल्या होत्या, सहायकांनी वेळेत सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, आणि सभेत त्यांच्यावर ठपका ठेवला तो खोटा होता. विभागप्रमुख म्हणाले, एवढं सविस्तर लिहायची गरज नव्हती. चारपाच जणांची उत्तरं आली. बाकीच्यांनी वाचलं की नाही कुणास ठाऊक. गोषवाऱ्यांच्या छापील पुस्तकात तो उंचवटा अजून तसाच आहे.

पत्राची एक प्रत मी काकांना दिली. त्यांनी खिडकीशी उभं राहून, ओळीवर बोट ठेवत, शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून मला परत दिली. घरी न्या ना, मी म्हटलं.

"घरी कशाला? तिथं सगळं ठीकच आहे."

आता ते माझ्या चिठ्ठ्या तपासल्याशिवाय ट्रे उघडत नाहीत, आणि मला त्याबद्दल काही बोलायचा हक्क नाही. बोलणं पूर्वीसारखं होतं, फक्त घरचं काही ते सांगत नाहीत. गेल्या महिन्यात मांडवीच्या बाजारात त्यांची बायको भेटली. बरोबर नवी सून होती. तिने सुनेला माझ्या पाया पडायला सांगितलं. मी मागे सरले, नको नको म्हणाले. तिला तो माझा विनय वाटला.