आत्याची लेझीम

माझ्या आत्याइतक्या गंभीर चेहऱ्यानं खेळ खेळणारं माणूस खाडीच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरं झालं नसेल. ती शाळेत पीटीची टीचर होती, पण शाळा सुटली तरी तिची पीटी काही सुटत नसे. खोचलेली साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात ती लग्नालाही जायची. माझ्या मामाच्या लग्नात पंगतीला गोंधळ उडाला, तेव्हा तिनं शिट्टी फुंकून सगळं वऱ्हाड उंचीप्रमाणे बसवलं. नवरा बुटका म्हणून पहिला आणि नवरी उंच म्हणून पार टोकाला गेली. "जेवणं झाली की परत एकत्र या," असं तिनं दोघांना सांगितलं. बसच्या रांगेतही ती पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घ्यायला लावायची, आणि ऑफिसला निघालेली मोठमोठी माणसं निमूटपणे अंतर घ्यायची.

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा आत्याही आमच्याबरोबर आली. तिनं लग्न केलं नव्हतं. बिल्डिंगीत कोणी कोकणातलं, कोणी साताऱ्याकडचं, कोणी गिरगावातून आलेलं. कोणाची कोणाशी धड ओळख नव्हती. समोर मोकळा प्लॉट होता, तो आत्यानं जणू स्वतःच्या नावावर असल्यासारखा ताब्यात घेतला आणि संध्याकाळी वसाहतीतल्या सगळ्या मुलामुलींना तिथं हाकून आणायला सुरुवात केली. कबड्डी झाली, लेझीम झाली, आणि मग तिचे ते वेगळे खेळ सुरू झाले.

एक खेळ असा. आम्ही कॉलेजातल्या मुली रस्त्याकडेच्या कट्ट्यावर पाय सोडून बसायचं आणि मुलांनी एकेकट्यानं बसस्टॉपपासून आमच्यासमोरून चालत यायचं. "बोलायचं काही नाही," आत्यानं आम्हाला बजावलं. "नुसतं बघायचं. गुणगुणलात तरी चालेल." आम्ही इतकं मन लावून बघितलं की कधी कोणत्या अभ्यासात तेवढं मन लावलं नसेल. वसाहतीतला सगळ्यात तोंडाळ मुलगा म्हणजे सुहास. पहिल्या फेरीला तो हसत आला, दुसरीला कॉलर सारखी करत आला, आणि नंतर तर प्लॉटला वळसा घालून मागून आला.

"इकडून का?" आत्यानं विचारलं.

"तिकडून नको वाटतं, टीचर."

"आणि इकडंही पोरी बसल्या असत्या तर?"

"मग घरीच बसलो असतो."

"तुझ्या ताईनं टायपिंगचा क्लास का सोडला रे?"

सुहास कॉलर चाचपत घरी निघाला. त्या आठवड्यात त्याची ताई पुन्हा क्लासला जायला लागली, आणि रस्त्यावरच्या कट्ट्यांवर बसणाऱ्या आपल्या दोस्तांना सुहासनं काय सांगितलं कोण जाणे, तिथं नुसती कुत्री झोपलेली दिसू लागली.

दुसरा खेळ गोलाचा. मध्ये एकानं हात उगारून उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली बसायचं, आणि गोलातल्या प्रत्येकानं मारामारी न करता तो हात कसा थांबवायचा ते करून दाखवायचं. कोणी म्हणालं पोलिसांना बोलावू. ठाणं कुठं आहे ते कोणालाच सांगता आलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी आत्या सगळ्यांना रांगेनं ठाणं दाखवायला घेऊन गेली. आत्ताच्या आत्ता काय करायचं, याचं उत्तर आमच्यातल्या सगळ्यात लहान मीनानं दिलं. ती सरळ गोलात शिरली आणि खाली बसलेलीचा हात धरून म्हणाली, "काकू, आईनं बोलावलंय." आत्यानं तिला तिथल्या तिथं कॅप्टन केलं.

हा खेळ आत्यानं कोणासाठी काढला होता, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदावहिनींचा नवरा फार मवाळ बोलायचा, मुलांना गोळ्या वाटायचा. पण त्यांच्या घरातून आपटल्याचे आवाज यायला लागले की बिल्डिंगीतला प्रत्येक रेडिओ मोठा व्हायचा. एका संध्याकाळी असाच आवाज सुरू झाला, आणि आत्या खेळ अर्धवट टाकून म्हणाली, "लेझमा घ्या. वर चला."

दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आम्ही दोन रांगा केल्या आणि जीव खाऊन लेझीम सुरू केली. बंद जिन्यात तिचा असा दणका उठला की सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. सगळ्यात शेवटी उघडलं ते समोरचं.

"काय चाललंय हे?" वहिनींच्या नवऱ्यानं विचारलं.

"प्रॅक्टिस," आत्या म्हणाली.

"इथं?"

"खाली चिखल आहे."

"मे महिन्यात?"

"मग थांबवायला सांगा ना सगळ्यांना," आत्या म्हणाली आणि बाजूला झाली. तिच्या मागे जिनाभर शेजारी उभे होते. त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकवला. तेवढ्यात मीना त्याच्या कोपराखालून आत गेली आणि म्हणाली, "काकू, आईनं बोलावलंय." वहिनींनी तिच्याकडे बघितलं, पदर सावरला, पायात चपला घातल्या आणि त्या बाहेर आल्या.

त्या आमच्याकडेच राहिल्या. आत्यानं त्यांना काही विचारलं नाही. चहा दिला, आपली कॉट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका त्यांच्याबरोबर ठाण्यावर गेल्या; रस्ता दाखवायला मीना पुढे होती. नवरा चार शेजाऱ्यांसमोर न्यायला आला, तेव्हा वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मी नाही येत." पुढे त्यांनी तळमजल्यावर बालवाडी काढली. अर्ध्या वाशीची पोरं त्यांच्या हाताखालून गेली.

हे सगळं आत्याला कुठून सुचायचं, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. "आमच्या थोरल्या आक्काला सासरी फार मार बसायचा," ते म्हणाले. "माहेरी आली की सांगायची. आम्ही ऐकून घ्यायचो आणि परत पोचवून यायचो. पोचवायला तुझी आत्या जायची. एकदा पोचवली, ती परत आलीच नाही."

शेवटच्या आजारपणात ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. समोरच्या प्लॉटवर तोवर बिल्डिंग उभी राहिली होती. एकदा तिन्हीसांजेला एक मुलगी बसमधून उतरून एकटीच येत होती. मध्येच थांबली, पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि दिव्याच्या खांबाला टेकून सावकाश एकेक दाणा खात राहिली. आत्या किती तरी वेळ तिच्याकडे बघत होती.

"कोण गं ही?"

"माहीत नाही. नवीन आलेली दिसतेय. हाक मारू?"

"नको," आत्या म्हणाली. "खाऊ दे निवांत."