चौथा बंगला

सात बंगल्याला भाड्याने राहायला आलो तेव्हा मी वैतागलोच. जिकडेतिकडे टॉवर, बंगला औषधालाही नाही, मग नाव कशाला? दारोदार मासे विकणाऱ्या वर्सोव्याच्या कोळीणमावशीवरच मी हा राग काढला. तिने टोपली खाली ठेवली आणि सातही बंगले बोटांवर मोजले. समुद्राची हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांकडे तिथे तिची सासू मासे घालायची. पहिल्यात पापलेट, दुसऱ्यात कोलंबी. "चौथ्यात मासा चालत नव्हता रे, पन पानी सासू तिथंच प्यायची."

आम्हीही मासे खात नाही. तरी त्या दिवसापासून मावशी आमच्या एका खोलीच्या घरी पाण्याला थांबते, आणि मलाच उपकार झाल्यासारखं वाटतं. परवा जिन्यात ती शेजारणीला सांगत होती, "थांब गं, चौथ्या बंगल्यावर पानी पिऊन येते."