आमच्या साडूंची फुंकणी

उभ्या मराठवाड्यात इतक्या कलमांचा इतक्या निर्मळ मनाने भंग करणारा माणूस आमच्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल. मी न्यायालयात पेशकार होतो. चेहरा पाहून कलम ओळखण्याची मला खोड लागलेली. साडूंच्या चेहऱ्यावर मात्र मला कधी एकही कलम सापडले नाही. कालव्याच्या कामावरच्या यंत्रांचे ते मिस्त्री. नोकरी संपल्यावर झरीला राहिले, आणि अंगणातल्या लिंबाखाली चार सिलिंडरची एक वयस्क मोटार घेऊन बसले. दर रविवारी मी परभणीहून त्यांच्याकडे जात असे. मी साऱ्या कचेऱ्यांना पत्रे लिहितो याचे त्यांना हसू येई, आणि ते मोटारीशी तासन्‌तास बोलतात याचा मला संताप येई. अशा पायावर आमचे उत्तम जमले होते.

इंजिन ऐकायचे तर लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत. एकदा स्वयंपाकघरातून माझ्या मेहुणीची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, खोकल्याची उबळ ऐकू आली, तेव्हा सवयीने तोच पेचकस घेऊन ते आत निघालेले मी पाहिले आहेत. पेट्रोल ते आधी हुंगत, मग जिभेला लावत, आणि शेवटी कागदावर त्याचा एक थेंब सोडत. थेंब उडून गेला आणि मागे काही राहिले नाही, तर माल शुद्ध. तेलकट कडे उरले, तर त्यात रॉकेल. हा कागद ते माझ्या पिशवीतून घेत. माझ्या तक्रारींच्या कित्येक स्थळप्रतींवर अशी पिवळी कडी आहेत. मी रागावलो तर म्हणत, "पेशकारसाहेब, तुमचा कागद लय इमानदार हाय. डाग लपवत न्हाई." भेसळीबद्दल मी वरपर्यंत लिहिले आणि पुरावा म्हणून डागाचा कागद जोडला. अर्ज स्वच्छ कागदावर करावा, असे उत्तर आले.

मेहुणीला जुना दमा. दम लागला की परभणीचे इस्पितळ गाठायचे, आणि ती मोटार तर वाटेत स्वतःच धापा टाकणारी. दुसरा कोणी परभणीत खोली घेऊन राहिला असता. साडूंनी मोटारीलाच दम द्यायचे ठरवले. कालव्यावरच्या मोडीत निघालेल्या एका डिझेल यंत्राचा टर्बो त्यांनी लिलावात घेतला आणि गोगलगाईसारखा तो लोखंडी शंख माझ्यापुढे ठेवला. इंजिनाचा धूर यातले एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबते, असे त्यांनी मला तीन रविवार समजावले. शेवटी म्हणाले, "फुंकणी हाय. आपल्याच धुरानं आपली चूल फुकायची. वाया चाललेल्या वाफंला कामाला लावायलोय." नोंदणीच्या पुस्तकात हा बदल दाखवायला हवा, असे मी बजावले. मेहुणी धान्य निवडता निवडता म्हणाली, "माज्यासाठी इमान करायलेत, दाजी. अंगणातून उडवू नका म्हणा, मिरच्या वाळत घातल्यात."

शंख मोठा आणि इंजिन लहान. त्यामुळे पाय दाबला की मोटार आधी विचार करी आणि मग एकदम सुटे. त्याहून मोठी अडचण इंधनाची होती. कोंबलेल्या हवेत आमच्याकडचे पेट्रोल वेळेआधीच भडके आणि आत कोणी हातोडी मारत असल्यासारखा खडखडाट होई. आतला दाब कमी व्हावा म्हणून साडूंनी इंजिनाच्या डोक्याखाली एकाऐवजी दोन गास्केट घातली, तरी हातोडी थांबेना. मग लाकडाला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी स्पिरिट आणले आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले. "हे थंड डोक्याचं हाय, लवकर चिडत न्हाई," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे मुद्दाम पाहिले. त्या मिश्रणावर हातोडी थांबली. पुढच्याच आठवड्यात मेहुणीला दम लागला, तेव्हा एरवीच्या निम्म्या वेळात ती इस्पितळात पोचली, आणि परत आल्यावर शेजारणींना सांगत सुटली की वाटेतली झाडं मोजायलासुद्धा फुरसत मिळाली नाही.

येथे माझा प्रवेश झाला. स्पिरिट बाळगायला परवाना लागतो. एवढे चांगले काम चोरून का व्हावे, या विचाराने मी साडूंच्या नावाने रीतसर अर्ज लिहिला. किती कॅन, कोठून आणले, कशासाठी, सारे खरे. सही करण्याआधी साडूंनी सवयीप्रमाणे समासात स्पिरिटचा एक थेंब सोडला, तो उडून जाईपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "तुमी म्हणता तर करू." आठवड्याने दारूबंदी खात्याचा निरीक्षक आला. त्याच अर्जाच्या आधारे त्याने पंचनामा केला आणि दोन्ही कॅन उचलले. मी संतापाने अकरा पत्रे लिहिली. स्पिरिट गेले म्हणून साडू फुंकणी काढून ठेवायला निघाले होते. मी म्हणालो, काढू नका, परवाना येतोच आहे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीने एसट्या चार दिवस बंद होत्या आणि गावातल्या जीपा परभणीत अडकलेल्या. भर दुपारी मेहुणीला दम लागला. फुंकणी उतरवायला अर्धा दिवस जातो. साडूंनी पंपाचे पेट्रोल घातले आणि निघाले. हळू चालवली असती तर मोटार पोचली असती. पण पाठीमागे आपले माणूस श्वासासाठी तडफडत असताना पाय हलका ठेवायला काळीज दगडाचे लागते. अर्ध्या वाटेवर हातोडी वाजू लागली, आणि मग पिस्टनला भोक पडले. पुढचा रस्ता तिने बैलगाडीत काढला. इस्पितळाचे फाटक दिसायच्या आधीच ती गेली.

तेराव्यानंतर कचेरीचे उत्तर आले. अर्ज विहित नमुन्यात नसल्याने परत पाठवला होता. मी तो साडूंपुढे धरला. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणूनच झरीला गेलो होतो. ते लिंबाखाली ती फुंकणी मांडीवर घेऊन बसले होते. बोटाने चाक फिरवायचे, ते थांबेपर्यंत ऐकायचे. एकदा चाक थांबल्यावर म्हणाले, "तुमी खरंच लिव्हलं व्हतं, दाजी. खोटं काय व्हतं त्यात?" जन्मभर पेशकारसाहेब म्हणणाऱ्या त्या माणसाने मला दाजी म्हटले, ते तेवढे एकदाच.

आता साडूही राहिले नाहीत. मी अजून पत्रे लिहितो, पण त्या प्रकरणी कोणाला लिहावे ते मला उमगलेले नाही. प्रतिवादीच्या जागी एकच नाव येते. परत आलेला तो अर्ज माझ्यापाशी आहे. कधी कधी मी तो उजेडात धरतो आणि साडूंनी समासात थेंब कोठे सोडला होता, ते शोधतो. कागद इमानदार आहे. तेथे काहीही नाही.